पहिला डीएसएलआर घेताना: आधी लेन्स ठरवा, मग बॉडी

डीएसएलआर म्हणजे लेन्स बदलता येणारा, आत आरसा असलेला डिजिटल कॅमेरा. लेन्समधून आलेला प्रकाश आरशावरून वर वळून व्ह्यूफाइंडरपर्यंत जातो. बटण दाबले की आरसा उचलला जातो, शटर उघडते आणि तोच प्रकाश सेन्सरवर पडतो. एक हजार डॉलरच्या आत मिळणारा पहिला डीएसएलआर, कॅननचा ३०० डी, २००३ मध्ये आला आणि हा प्रकार हौशी छायाचित्रकारांच्या आवाक्यात आला.

पहिला कॅमेरा घेणाऱ्यांचे प्रश्न साधारण ठरलेले असतात: कॅनन घ्यावा की निकॉन, किती मेगापिक्सेल हवेत, दोन लेन्सचा संच फायद्याचा पडतो का. ज्या गोष्टींनी फोटोत फरक पडतो त्या या प्रश्नांत येतच नाहीत. तुम्ही कशाचे फोटो काढणार, कोणत्या उजेडात आणि किती अंतरावरून, हे आधी ठरवावे लागते. त्यावरून लेन्स ठरते आणि त्या लेन्सला साजेशी बॉडी शोधायची असते. दुकानात मात्र आधी बॉडी पुढे केली जाते आणि लेन्स खोक्यात जी असेल ती पदरात पडते.

आज डीएसएलआर घ्यावा का?

कॅनन आणि निकॉन या दोन्ही कंपन्यांनी २०२० नंतर एकही नवा डीएसएलआर आणलेला नाही. २०१८ पासून त्यांचे लक्ष आरसा नसलेल्या, म्हणजे मिररलेस कॅमेऱ्यांकडे वळले आहे. पेंटॅक्स अजून डीएसएलआर बनवते, पण तिच्या लेन्स आपल्याकडे सहज मिळत नाहीत. त्यामुळे पहिल्या खरेदीसाठी हा पर्याय सोडून दिलेला बरा.

याचा अर्थ डीएसएलआर निकामी झाला असा नाही. लोक मिररलेसकडे वळल्यामुळे चांगल्या बॉडी आणि लेन्स वापरलेल्या बाजारात भरपूर आल्या आहेत आणि मर्यादित पैशांत सर्वांत जास्त काही मिळण्याची जागा आज तीच आहे. व्ह्यूफाइंडरला वीज लागत नसल्याने बॅटरीही खूप पुरते. निकॉन डी ३५०० एका चार्जमध्ये प्रमाणित चाचणीनुसार १,५५० फोटो काढतो. दोन-तीन दिवसांच्या गडभटकंतीत चार्जरची आठवणही होऊ नये, इतका हा आकडा मोठा आहे.

मुख्य काम व्हिडिओचे असेल, तर मात्र सरळ मिररलेसकडे वळा. धावत्या मुलाच्या डोळ्यावर कॅमेऱ्याने आपणहून फोकस धरून ठेवावा अशी अपेक्षा असेल, तरीही तेच करा. प्राथमिक डीएसएलआरकडून ही कामे मनासारखी होत नाहीत. स्थिर छायाचित्रण नीट शिकायचे आहे आणि पैसे मोजके आहेत, अशांसाठी डीएसएलआर आजही उत्तम आहे.

बॉडी: कोणते फरक मोजायचे, कोणते सोडायचे

मेगापिक्सेलची काळजी सोडून द्या. २४ मेगापिक्सेलचा फोटो ६००० गुणिले ४००० बिंदूंचा असतो. इंचाला ३०० बिंदू या छपाईच्या उत्तम दर्जाने तो २० इंच रुंद छापता येतो. जुन्या १२ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातूनही १४ इंचांची स्वच्छ प्रत निघते. भिंतीवर लावायच्या बहुतेक फोटोंना एवढे पुरते.

पुढे दिलेल्या सगळ्या कॅमेऱ्यांचे सेन्सर जवळपास एका मापाचे असतात: कॅननचा २२.३ गुणिले १४.९ मिलिमीटर, निकॉनचा २३.५ गुणिले १५.६. पूर्ण आकाराचा सेन्सर ३६ गुणिले २४ मिलिमीटरचा असतो. छोट्या सेन्सरवर चित्राचा मधला भागच टिपला जातो, त्यामुळे लेन्स आहे त्यापेक्षा लांब पल्ल्याची असल्यासारखी वागते. कॅननमध्ये हा गुणक १.६ आणि निकॉनमध्ये १.५ आहे. लेन्स निवडताना तो पुन्हा लागेल.

बाजारात नेहमी दिसणारी मॉडेल अशी:

- कॅनन ३००० डी: १८ मेगापिक्सेल, लेन्स बसवायची कडी प्लास्टिकची. किमतीसाठी जागोजागी काटकसर केलेला कॅमेरा. नवा घेऊ नये.
- कॅनन १५०० डी: २४.१ मेगापिक्सेल, धातूची कडी. साधा आणि भरवशाचा, पण बाहेरचा माइक जोडायची सोय नाही.
- कॅनन २०० डी मार्क २: फिरणारा टचस्क्रीन, माइकची सोय. पडद्यावर पाहून फोटो काढतानाही फोकस वेगाने लागतो. व्हिडिओ थोडाफार करायचा असेल तर या यादीत हाच घ्यावा.
- निकॉन डी ३५००: हलका, हाताची पकड उत्तम, बॅटरी दणकट. माइकची सोय नाही.
- निकॉन डी ५६००: ३९ फोकस बिंदू, फिरणारा टचस्क्रीन, माइकची सोय. चांगल्या स्थितीतला वापरलेला मिळाला तर उत्तम सौदा.
- निकॉन डी ७२००: एक पायरी वरचा, बॉडीतच फोकसची मोटर. तो फक्त वापरलेला पाहा.

फोटोच्या दर्जाच्या बाबतीत, ३००० डी सोडला तर, यांच्यात डोळ्यांना सहज जाणवेल असा फरक नाही. म्हणून कॅमेरा हातात घेऊन पाहा. बोटे बटणांवर आपसूक पडतात का? चष्मा लावणाऱ्यांना व्ह्यूफाइंडरची पूर्ण चौकट दिसते का? घरात किंवा मित्राकडे एखाद्या कंपनीच्या लेन्स असतील, तर त्याच कंपनीचा कॅमेरा घ्या. उसनी मिळणारी एक चांगली लेन्स वरच्या यादीतल्या कोणत्याही फरकाहून मोलाची आहे.

लेन्सच्या नावात काय लिहिलेले असते

लेन्सचे नाव वाचता येणे हे या खरेदीतले सर्वांत उपयोगी कौशल्य आहे. १८-५५ यांसारखे आकडे मिलिमीटरमध्ये केंद्रांतर सांगतात. आकडा लहान तेवढे दृश्य रुंद, मोठा तेवढे दूरचे जवळ. ज्या लेन्सवर ५० असा एकच आकडा असतो, ती झूम होत नाही. एफ नंतरचा आकडा छिद्र किती मोठे उघडते ते सांगतो आणि तो जितका लहान तितका प्रकाश जास्त. ३.५-५.६ असे दोन आकडे दिसले, तर झूम लांबवल्यावर प्रकाश घटत जातो असे समजा.

हाताची थरथर शोषणाऱ्या यंत्रणेला कॅनन आयएस, निकॉन व्हीआर, टॅमरॉन व्हीसी आणि सिग्मा ओएस म्हणते. नावात ही अक्षरे नसतील तर ती सोय नाही. याच ठिकाणी खूप जण फसतात, कारण एकाच मापाच्या दोन लेन्स बाजारात असतात. निकॉनची १८-५५ आणि ७०-३०० या दोन्ही एएफ-पी लेन्स व्हीआरसह आणि व्हीआरशिवाय अशा दोन्ही प्रकारांत निघाल्या. दोन लेन्सच्या संचात कॅननची ७५-३०० हमखास दिसते आणि तिला आयएस नाही. ३०० मिलिमीटरवर हातात धरून फोटो काढायचा, तर स्थिरीकरणाशिवाय शटरचा वेग सेकंदाच्या पाचशेव्या भागाच्या आसपास ठेवावा लागतो. ढगाळ दिवशी तो मिळणे कठीण असते. दोन लेन्सचा संच स्वस्त का पडतो, याचे कारण बहुतेक वेळा हेच असते.

दुसरा सापळा मोटरचा. कॅननच्या ईएफ आणि ईएफ-एस लेन्समध्ये फोकसची मोटर लेन्समध्येच असते, त्यामुळे तिथे प्रश्न येत नाही. निकॉनच्या डी ३००० आणि डी ५००० मालिकांच्या बॉडीत मोटर नसते. त्यांवर स्वतःची मोटर नसलेली जुनी एएफ-डी लेन्स बसते, फोटोही निघतो, पण फोकस हाताने फिरवूनच करावा लागतो. स्वस्त मिळाली म्हणून एएफ-डी ५० मिलिमीटर घेणाऱ्यांना हे घरी आल्यावर कळते. या बॉडींसाठी एएफ-एस किंवा एएफ-पी हीच अक्षरे शोधा. त्यातही एएफ-पी लेन्स डी ३१००, डी ३२०० आणि डी ५१०० यांसारख्या जुन्या बॉडींवर चालत नाहीत. त्या कॅमेऱ्यांवर तर हातानेसुद्धा फोकस होत नाही.

लेन्सवर केलेला खर्च पुढे मिररलेस घेतला तरी वाया जात नाही. कॅननच्या ईएफ लेन्स अडॅप्टरने आर मालिकेच्या कॅमेऱ्यांवर पूर्ण स्वयंचलित फोकससह चालतात. निकॉनच्या एफटीझेड अडॅप्टरवर एएफ-एस आणि एएफ-पी लेन्सचा फोकस चालतो, एएफ-डीचा चालत नाही.

कोणत्या कामाला कोणती लेन्स

*रोजचे फोटो, प्रवास, गडकिल्ले.* किटसोबत येणारी १८-५५ लेन्स उगाच बदनाम झाली आहे. दिवसाउजेडी छिद्र एफ/८ च्या आसपास ठेवले, तर राजगडावरून दिसणाऱ्या डोंगररांगा ती छान टिपते. कॅनन आणि निकॉन दोघांच्याही नव्या १८-५५ लेन्स सुमारे २५ सेंटिमीटरपर्यंत जवळचा फोकस करतात, त्यामुळे कासच्या पठारावरच्या फुलांसाठी लगेच वेगळी मॅक्रो लेन्स घेण्याची गरज नाही. पहिले काही महिने हीच एक लेन्स वापरा. नंतर काढलेले फोटो चाळून ते कोणत्या मिलिमीटरवर निघाले आहेत ते पाहा, कारण ही नोंद प्रत्येक फोटोच्या माहितीत असते. बहुतेक फोटो १८ वर असतील तर रुंद लेन्स हवी, ५५ वर असतील तर लांबची. असा निष्कर्ष कोणाच्याही सल्ल्याहून भरवशाचा असतो.

*घरातले कार्यक्रम, रंगमंच, संध्याकाळ.* किट लेन्स इथे कमी पडते. ५५ मिलिमीटरवर ती एफ/५.६ पर्यंतच उघडते. ५० मिलिमीटर एफ/१.८ लेन्स तिच्या नऊ-दहापट प्रकाश आत घेते. किट लेन्सला जिथे सेकंदाचा विसावा भाग लागतो, तिथे हिला दोनशेवा भाग पुरतो. नाचणाऱ्या पायांचा किंवा नाटकातल्या हातवाऱ्यांचा फोटो फिसकटणार की नीट येणार, ते या फरकावर ठरते. स्थिरीकरण इथे कामाचे नाही. ते कॅमेरा धरणाऱ्याचा हात स्थिर करते, समोरच्या माणसाला नाही.

मात्र ‘पन्नास घ्या’ हा सरसकट दिला जाणारा सल्ला तपासून घ्या. छोट्या सेन्सरवर कॅननची ५० मिलिमीटर लेन्स पूर्ण आकाराच्या ८० मिलिमीटरसारखी वागते. तीन मीटरवरून ती जेमतेम सव्वा ते दीड मीटर रुंदीचे दृश्य घेते. दहा बाय बाराच्या खोलीत केळवणाची पंगत किंवा घरच्या गणपतीसमोर उभे असलेले कुटुंब तिच्यात मावत नाही. तिथे निकॉनवर एएफ-एस डीएक्स ३५ मिलिमीटर एफ/१.८ घ्या. तीन मीटरवरून तिला दोन मीटरचे दृश्य मिळते. कॅननवर ईएफ-एस २४ मिलिमीटर एफ/२.८ आहे. ती पावणेतीन मीटर घेते, पण ५० इतकी प्रकाशाला उदार नाही. ५० मिलिमीटर लेन्स खरी खुलते ती एकेकट्या माणसाच्या चेहऱ्यावर आणि सभागृहाच्या पुढच्या रांगांतून.

*पक्षी आणि वन्यजीव.* लहान बजेटमध्ये हा सर्वांत अवघड छंद आहे, हे आधी मान्य करा. कॅननवर ईएफ-एस ५५-२५० आयएस एसटीएम आणि निकॉनवर एएफ-पी डीएक्स ७०-३०० व्हीआर या दोन लेन्स पैशाचे पुरेपूर मोल देतात. भिगवणला होडीतून रोहित पक्ष्यांचे थवे यांनी चांगले मिळतात, कारण पक्षी मोठा असतो आणि होडी जवळ जाते. झाडाच्या शेंड्यावरचा चिमुकला सूर्यपक्षी मात्र २५० मिलिमीटरवरही चौकटीत लहानच राहील. त्यापुढच्या पल्ल्याच्या लेन्सची किंमत बॉडीच्या कितीतरी पुढे जाते. आधी भाड्याने आणून वापरा.

*वाडे, देवळे, लेणी.* आतून फोटो घ्यायला १८ मिलिमीटर अनेकदा अपुरे पडते. कॅननची ईएफ-एस १०-१८ आणि निकॉनची एएफ-पी डीएक्स १०-२० या तुलनेने स्वस्त आणि हलक्या लेन्स आहेत. त्यांचे छिद्र लहान असल्याने अंधाऱ्या जागी ट्रायपॉड किंवा जास्त आयएसओ, म्हणजे सेन्सरची वाढवलेली संवेदनशीलता, लागते. ट्रायपॉडला परवानगी आहे का हे त्या ठिकाणी आधी विचारा. अजिंठ्याच्या चित्रांसमोर फ्लॅश चालत नाही.

१८ ते ३०० अशी सगळे एकीत करणारी लेन्स लेन्स बदलण्याचा त्रास वाचवते. पण ती जड असते, टोकाला मऊ चित्र देते आणि कमी उजेडात किटइतकीच लंगडी पडते. पहिली लेन्स म्हणून ती घेऊ नका.

पैसे कसे वाटावेत

एकूण रकमेच्या निम्म्याहून जास्त बॉडीवर घालू नका. बॉडी वर्षागणिक स्वस्त होत जाते, चांगली लेन्स किंमत बरीच टिकवते. एकूण रकमेतला सातवा-आठवा हिस्सा बाकीच्या सामानासाठी आधीच बाजूला काढा:

- नामांकित कंपनीची ३२ किंवा ६४ जीबीची दोन कार्डे. नकली कार्डे खूप विकली जातात, म्हणून नवे कार्ड एकदा पूर्ण भरून सगळे फोटो उघडतात का ते पाहा.
- कंपनीची एक जादा बॅटरी. अनोळखी स्वस्त बॅटऱ्या फुगून कप्प्यात अडकण्याचा धोका असतो.
- हवाबंद डबा आणि सिलिका जेल.

यातला डबा सर्वांत महत्त्वाचा आहे. कोकणात, मुंबईत आणि गोव्यात पावसाळ्याचे चार महिने कॅमेरा कपड्यांच्या कपाटात किंवा कातडी पाकिटात पडून राहिला, तर लेन्सच्या काचांवर आतून बुरशी धरते. ती साफ करण्याचा खर्च स्वस्त लेन्सच्या किमतीला भिडतो आणि काचेवरचे लेपन एकदा खाल्ले गेले की परत येत नाही. झाकण घट्ट बसणारा स्वयंपाकघरातला प्लास्टिकचा डबा, रंग बदलणारे सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक एवढ्याने काम भागते. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान ठेवा. जेलचा रंग बदलला की ते तव्यावर मंद आचेवर वाळवून पुन्हा वापरता येते.

ट्रायपॉड नंतर घेतला तरी चालेल. संचात फुकट म्हणून मिळणारा हलका ट्रायपॉड कॅमेऱ्याचे वजन पेलत नाही.

वापरलेला कॅमेरा तपासताना

मुंबईत फोर्टचा बोरा बाजार आणि दिल्लीत चांदनी चौक भाग कॅमेऱ्यांच्या दुकानांसाठी ओळखले जातात. ओळखीतून किंवा इतर शहरांतही चांगला माल मिळतो. सौदा कुठेही करा, पण तपासणी दिवसाउजेडी आणि सावकाश करा. विकणारा घाई करत असेल तर निघून या.

१. लेन्सच्या एका बाजूने मोबाइलचा टॉर्च टाकून दुसऱ्या बाजूने तिरके पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे. लेन्स परत करा. धुळीचे दोन-चार कण चालतात.
२. छिद्र एफ/१६ वर ठेवून मोकळ्या आकाशाचा फोटो काढा. त्यात दिसणारे काळे डाग सेन्सरवरच्या धुळीचे असतात. धूळ साफ होते, ओरखडा जात नाही.
३. लेन्सचे झाकण लावून काही सेकंदांचा फोटो काढा. चमकणारे रंगीत ठिपके मोजकेच असावेत.
४. शटर किती वेळा उघडले ते पाहा. निकॉनच्या फोटोच्या माहितीत हा आकडा मिळतो, कॅननच्या प्राथमिक कॅमेऱ्यांसाठी वेगळे सॉफ्टवेअर लागते. डी ३५०० चे शटर एक लाख वेळांसाठी तपासलेले आहे.
५. स्क्रूंच्या खाचा झिजलेल्या असतील तर कॅमेरा उघडला गेला आहे. का उघडला, ते विचारा.
६. कार्ड आणि बॅटरीची झाकणे, फ्लॅश, प्रत्येक बटण आणि झूमची पूर्ण फिरकी तपासा.
७. बॉडीच्या तळाचा अनुक्रमांक मूळ बिलाशी आणि खोक्याशी जुळवा. जुळत नसेल तर माल चोरीचा असू शकतो.

व्यक्तीकडून घेताना अनुक्रमांक, रक्कम आणि तारीख लिहिलेली सही केलेली पावती मागा. घरगुती विक्रेता व्यापारी नसल्याने त्याच्याविरुद्ध ग्राहक आयोगात दाद मिळणे अवघड असते.

नवा घेताना: ग्रे मार्केट, बिल आणि तुमचे हक्क

बिलाशिवाय काही हजार कमी सांगितले, तर तो माल बहुधा कंपनीच्या अधिकृत वाटेने न आलेला, म्हणजे ग्रे मार्केटचा असतो. कॅमेरा अस्सल असला तरी त्याला भारतातली वॉरंटी लागू होत नाही. ओळखण्याची खूण खोक्यावरच असते. आयात मालावर आयातदाराचे नाव व पत्ता, मूळ देश आणि सर्व करांसह कमाल किंमत छापलेली असणे कायद्याने बंधनकारक आहे. हे लेबल नसेल, किंवा वॉरंटी कार्ड भारताबाहेरचे असेल, तर घेऊ नका. ऑनलाइन खरेदीत विक्रेत्याचा तपशील आणि मूळ देश पानावर दिलेला असला पाहिजे. खोके उघडताना सलग व्हिडिओ घ्या.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष वस्तू बिलात नमूद केलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत, परत घ्यायला नकार देणे हीदेखील अनुचित प्रथाच ठरते. दुकानातली ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी सदोष कॅमेऱ्याच्या आड येऊ शकत नाही. मन बदलले म्हणून परत देण्याचा हक्क मात्र यात नाही.

दोष निघाला तर आधी दुकानदाराला आणि कंपनीच्या सेवा केंद्राला लेखी कळवा आणि कामाच्या नोंदीची प्रत घ्या. काम झाले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार करा. त्यानेही भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. तुम्ही जिथे राहता किंवा नोकरी करता तिथल्या आयोगात तक्रार देता येते आणि वकील लावणे सक्तीचे नाही. मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्कही लागत नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. तेव्हा बिल, वॉरंटी कार्ड आणि लेबल असलेले खोके वॉरंटी संपल्यानंतरही निदान दोन वर्षे टाकून देऊ नका.